सीव्हॅटमध्ये शेप जोडायचे आणि कापायचे कसे

सीव्हॅट म्हणजे एआय मॉडेलला शिकवायला फोटो-व्हिडिओतल्या वस्तू मार्क करायचं टूल. समजा पुण्यातल्या कर्वे रोडचा फोटो आहे, पीएमपीची बस मेट्रोच्या खांबामागे उभी, तोंड खांबाच्या एका बाजूला आणि मागचं दार दुसऱ्या बाजूला. दोन तुकड्यांना दोन मास्क (म्हणजे वस्तूवर फासलेला रंग) दिले तर डेटामध्ये दोन बस झाल्या, मग मॉडेलही तेच शिकणार. हे तुकडे जोडायला नवीन लोक हमखास मर्ज दाबतात, आणि मर्ज सीव्हॅटमध्ये वेगळ्याच कामाचं आहे. एकाच फोटोतले मास्क जोडायला जॉइन लागतं.

आधी दोन्ही मास्कचं लेबल, म्हणजे ‘बस’सारखं दिलेलं नाव, एकच आहे ना बघा. डावीकडच्या पट्टीतून जॉइन घ्या किंवा जे की दाबा, दोन्ही तुकड्यांवर क्लिक करा, परत जे. झालं. तुकडे एकमेकांना चिकटलेले नसले तरी चालतं, आणि मधल्या खांबावर उगाच रंग फासायचा नाही.

कापणं जरा किचकट. एफसी रोडला हँडलला हँडल लावून दुचाकी गाड्या उभ्या असतात, ऑटोमॅटिक टूल त्या सगळ्यांचा मिळून एकच गोळा करून देतं. इथे स्लाइस, म्हणजे ऑल्ट धरून जे. शेपवर क्लिक करा आणि कापायची रेघ एका कडेवर सुरू करून दुसऱ्या कडेवर संपवा, मध्येच सोडली तर कापलं जात नाही. रेघ सरळच हवी असं काही नाही, भरपूर झूम करून आरशाला वळसा घालत, ब्रेकच्या दांडीला वळसा घालत पॉइंट टाकत जा, नाहीतर एका अॅक्टिव्हाचा आरसा शेजारच्या गाडीला जातो आणि क्यूसीवाला, म्हणजे काम तपासणारा, फाइल परत पाठवतो. गाड्या तीन असतील तर एक कापून झाल्यावर उरलेल्यावर परत स्लाइस. बारीकसारीक राहिलेलं ब्रशने नीट करा, सारखं कापत बसू नका.

आता मर्ज. ते व्हिडिओसाठी, वेगवेगळ्या फ्रेममधले एकाच वस्तूचे बॉक्स एका ट्रॅकमध्ये, म्हणजे त्या वस्तूच्या एका सलग नोंदीत, आणायला. एम दाबा, पहिल्या फ्रेममधल्या रिक्षावर क्लिक, पुढच्या फ्रेमला जाऊन त्याच रिक्षावर क्लिक, शेवटी परत एम. रिक्षा पूर्ण दिसेनाशी होते त्या फ्रेमला आउटसाइड, म्हणजे ‘वस्तू आता दिसत नाही’ ही खूण, लागलंय का तेवढं बघाच. आणि सिग्नलला बॉक्स एका रिक्षावरून दुसरीवर उडी मारतो तेव्हा त्याच फ्रेमवर ऑल्ट धरून एम, बॉक्सवर क्लिक, की ट्रॅकचे दोन होतात.