रॉक बँडचे नाव, अल्बम आणि साल कसे पडताळावे

पुण्यात क्विझ घेणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरूनच तयारी करावी. समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी उत्तराला आव्हान देणार, आणि बऱ्याचदा त्याच्याजवळ पुरावाही असणार. सीओईपी या इथल्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या बोट क्लब क्विझ क्लबसारख्या गटांनी इथला प्रेक्षक तसा घडवला आहे. रॉक संगीताच्या फेरीत तर वादाला निमित्तच लागत नाही, कारण एकाच अल्बमची दोन साले, एकाच नावाचे दोन बँड आणि एकाच बँडची दोन नावे हा या क्षेत्रातला नित्याचा प्रकार आहे. तेव्हा उत्तर शोधण्याआधी, जे विधान तपासायचे आहे ते एका पूर्ण वाक्यात लिहून काढावे आणि त्यात देश, आवृत्ती आणि बँडचे त्या वेळचे नाव या तिन्ही गोष्टी आल्या आहेत का ते पाहावे. माझ्या मते निम्म्याहून अधिक वाद उत्तर चुकल्यामुळे होत नाहीत, विधान अर्धवट राहिल्यामुळे होतात.

‘ब्लॅक सबाथचा पॅरानॉइड कोणत्या साली आला?’ हा प्रश्न साधा वाटतो. ब्रिटनमध्ये तो सप्टेंबर १९७०मध्ये आला, अमेरिकेत जानेवारी १९७१मध्ये. अमेरिकी आवृत्ती पाहून १९७१ म्हणणारा स्पर्धक खोटे बोलत नसतो. एसी/डीसीच्या ‘हाय व्होल्टेज’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्या नावाचा एक अल्बम १९७५मध्ये फक्त ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी निघाला, आणि त्याच नावाचा दुसरा १९७६मध्ये उर्वरित जगासाठी. दुसऱ्यात पहिल्यातली दोनच गाणी आहेत. बाकीची ‘टीएनटी’ या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन अल्बममधून घेतलेली आहेत. गंमत अशी की ‘हाय व्होल्टेज’ हे गाणे त्या नावाच्या ऑस्ट्रेलियन अल्बमवर नाहीच. बीटल्सचे ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ १९६७मध्ये ब्रिटनमध्ये दोन ईपींच्या (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या) रूपाने आणि अमेरिकेत पूर्ण एलपी (मोठी रेकॉर्ड) म्हणून निघाले, त्यामुळे बीटल्सचे एकूण अल्बम किती, हा प्रश्नसुद्धा कोणत्या देशाची यादी धरायची हे सांगितल्याशिवाय विचारू नये.

पडताळणीची सुरुवात शक्य असेल तर प्रत्यक्ष वस्तूपासून करावी. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा कोणाच्या माळ्यावर एखादी रेकॉर्ड हाती लागली, तर कव्हरवरच्या मजकुरावर विसंबू नये. रेकॉर्ड बाहेर काढून आधी मधले लेबल वाचावे. वर्तुळातला ‘पी’ आणि त्यापुढचे साल ध्वनिमुद्रणाच्या प्रकाशनाचे असते, तर वर्तुळातला ‘सी’ हा कव्हरवरची चित्रे आणि मजकूर यांच्या हक्काचा असतो. या दोन सालांची गल्लत फार होते. मग रेकॉर्ड उन्हाकडे किंचित तिरकी धरावी. शेवटचे गाणे संपते तिथपासून लेबलापर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक आकडे आणि अक्षरे कोरलेली दिसतात. तो मॅट्रिक्स क्रमांक, आणि आपल्या हातातली प्रत नेमकी कोणत्या आवृत्तीची आहे हे ओळखायला त्याच्याइतका भरवशाचा पुरावा क्वचितच मिळतो. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या दमदम कारखान्यातून निघालेल्या प्रती आपल्याकडे अधिक सापडतात; त्या मूळ ब्रिटिश प्रकाशनानंतर कधीही निघालेल्या असू शकतात, म्हणून त्यांच्यावरून जागतिक प्रकाशनाची तारीख ठरवू नये.

भारतीय बँडच्या बाबतीत कॅसेटचे इनले कार्ड, म्हणजे डबीतला छापील कागद, जपून वाचावे. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ए नुसार ध्वनिमुद्रण तयार करणाऱ्याचे आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता तसेच प्रथम प्रकाशनाचे साल वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. छपाई पुसट असते, पण चिकाटीने वाचले तर संकेतस्थळांवरून गायब असलेली माहिती तिथे मिळते.

वस्तू हाती नसेल तेव्हा डिस्कॉग्ज आणि म्यूझिकब्रेन्झ ही अल्बमच्या नोंदींची संकेतस्थळे पाहावीत. दोन्हीकडची माहिती वापरकर्तेच भरतात, म्हणून टंकलेल्या सालापेक्षा सोबत चढवलेल्या लेबलाच्या छायाचित्राला अधिक किंमत द्यावी. म्यूझिकब्रेन्झवर एका अल्बमच्या सर्व आवृत्त्या ‘रिलीज ग्रुप’खाली एकत्र असतात, तिथे देशवार पाहून सर्वांत जुनी आवृत्ती शोधावी. स्ट्रीमिंग ॲपवरचे साल मात्र पुरावा म्हणून मुळीच धरू नये, कारण ते पुष्कळदा नंतरच्या रीमास्टरचे, म्हणजे ध्वनी सुधारून पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे असते. आयएसआरसी या ध्वनिमुद्रणाच्या ओळख क्रमांकातले सालाचे दोन आकडेही तो क्रमांक कधी दिला गेला तेवढेच सांगतात. त्यापेक्षा बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाचे जुने अंक गुगल बुक्सवर चाळावेत: एखादा अल्बम ज्या आठवड्यात त्यातल्या लोकप्रियतेच्या यादीत दिसतो, त्याआधी तो बाजारात आलेला असणार, एवढे तरी पक्के होते.

नावाची पडताळणी वेगळी करावी. निर्वाणा म्हटले की सर्वांना १९८७मध्ये स्थापन झालेला अमेरिकी बँड आठवतो, पण त्याच नावाचा ब्रिटिश गट १९६७मध्येच अल्बम काढून बसला होता. १९९२मध्ये त्यांनी अमेरिकी बँडवर दावा ठोकला आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. ॲपवर अशा नामसाधर्म्यामुळे एकाची गाणी दुसऱ्याच्या खात्यावर जाऊन बसतात. याउलट मुंबईचा रॉक मशीन १९९३मध्ये इंडस क्रीड झाला. १९८८चा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ जुन्या नावाने निघाला आणि १९९५चा ‘ट्रॅप्ड’ नव्या, म्हणून ‘इंडस क्रीडचा पहिला अल्बम’ असे म्हणताना कोणते नाव अभिप्रेत आहे हे लिहावेच लागते. फ्लीटवूड मॅकने तर १९६८ आणि १९७५ अशा दोनदा आपल्याच नावाचा अल्बम काढला. तिथे सालाखेरीज गत्यंतर नाही.

नाव कसे पडले, या कथांवर चटकन विश्वास ठेवू नये, कारण मुलाखतींत त्या दर वेळी थोड्या सजतात. पिंक फ्लॉइड हे नाव सिड बॅरेटने पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन ब्लूज गायकांच्या नावांवरून जुळवले, हे विचारायला हरकत नाही, कारण त्या दोन्ही व्यक्ती खरोखर होत्या आणि स्वतंत्रपणे तपासता येतात. ज्या कथेतला एकही दुवा असा बाहेरून तपासता येत नाही, ती प्रश्नात घेऊ नये. नावाआधी इंग्रजी ‘द’ आहे की नाही, हे अल्बमच्या लेबलावरून ठरवावे. ईगल्सच्या नावात तो नाही.

शेवटी प्रत्येक प्रश्नाच्या चिठ्ठीमागे किमान दोन आधार लिहावेत, आणि ते दोन्ही एकाच विकिपीडिया पानावरून उचललेले नाहीत याची खात्री करावी. तारखेवर एकमत नसेल तर प्रश्न सालावर आणावा. सालावरही नसेल तर देश घालून पाहावा, आणि तरीही दोन उत्तरे उरत असतील तर तो प्रश्न काढून दुसरा ठेवावा.