छोट्या मातीच्या धरणाचे मालक आहात? मग या चुका टाळा

‘आमचं धरण कमी धोक्याच्या वर्गात आहे, म्हणजे ते मजबूत आहे,’ असं मालक छातीठोकपणे सांगतात. सगळ्यात घातक गैरसमज हाच. अमेरिकेत धरणांचे कमी, लक्षणीय आणि उच्च असे तीन धोका-वर्ग करतात. धरण फुटलं किंवा नीट चाललं नाही तर जीव जाण्याची शक्यता असेल, तर वर्ग उच्च. वर्ग ठरतो तो फुटल्यावर खाली काय वाहून जाईल यावरून. भरावाची तब्येत पाहणीत वेगळी नोंदवतात. त्यामुळे नवंकोरं, भक्कम धरण उच्च वर्गात असू शकतं आणि बिळांनी पोखरलेलं कमी वर्गात.

शिवाय हा वर्ग कायमचा नसतो. खाली ओढ्याकाठी घरं उभी राहिली की भरावातलं ढेकूळही न हलता वर्ग वर चढतो आणि सांडव्यानं (पुराचं जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेनं) पेलायचा पूर मोठा धरावा लागतो. जुना अहवाल हाती आला तर आधी तारीख बघा, मग धरणाखालून ओढ्याकाठानं चालत जाऊन या.

सांडव्याशी खेळू नका. पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण एका खासगी क्लबचं होतं. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच काढून टाकलेले होते, ते परत बसवलेच नाहीत. रस्त्यासाठी माथा उतरवला, मासे अडवायला सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि २,२०९ माणसं दगावली. साठा वाढावा म्हणून सांडव्यावर फळ्या ठोकणं याच जातीतलं.

पाझर दिसला की घाबरून चिकणमाती थापणारे पुष्कळ. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. बघायचं असतं ते गढूळ आहे का. काचेच्या बाटलीत भरून ठेवा. तळाशी माती बसली, तर भराव आतून वाहतोय. अशा वेळी तोंड बुजवलं की आत दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून वाट काढतं. माती अडेल पण पाणी निघून जाईल असं काहीतरी हवं : आधी स्वच्छ वाळू, वर खडी. लगेच धरणाच्या इंजिनिअरला आणि खालच्या लोकांना कळवा. साठा उतरवायचा तो त्याच्या सल्ल्यानं. एरवी एकदम उतरवला तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो.

भरावावरची रोपं लहान असतानाच उपटा. मोठं झाड नुसतं तोडून बुंधा तसाच सोडला, तर मुळं कुजून पाण्याला आयत्या वाटा मिळतात.

राहिली तळाची झडप. पुराच्या मोसमाआधी ती उघडून, बंद करून बघा. वर्षानुवर्षं न हललेली झडप नेमकी पुराच्या रात्री अडकते.