वसईत आजीची बाप्तिस्म्याची नोंद शोधायला निघण्याआधी

मागच्या वेळी मी रजा काढून गेलो आणि आजीचं माहेर आज ज्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) मोडतं, तिथल्या कार्यालयात दुपारपर्यंत वह्या चाळत बसलो. नोंद नव्हती. असणार कशी? आजी जन्मली तेव्हा तो धर्मग्रामच नव्हता. म्हणून पहिलं काम हेच: ते गाव त्या साली कोणत्या धर्मग्रामात होतं ते विचारा. आज कोणत्या, ते नव्हे. त्या साली.

ओळखपत्र, वही, चष्मा घ्यालच. आधी फोन करून वेळ ठरवा. रविवारी किंवा सणाच्या आठवड्यात फादरांना गाठू नका.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आजीचं माहेरचं आडनाव, आळी, घराला लोक काय म्हणायचे, धर्ममाता-धर्मपिता कोण, सगळं लिहून घ्या. डिसोजा आणि लोपीस इतके आहेत की नुसत्या आडनावावर काही हाती लागत नाही. आणि हे विचाराच: आजीचे आईवडील मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कुठे जायचे? मी विचारलं नव्हतं. मावशीला उत्तर ठाऊक होतं आणि मी दिवस घालवून परत आल्यावर तिने ते एका वाक्यात सांगितलं.

साल अंदाजाने तरी पक्कं करा. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि इथली चर्च पुढे साडेतीनशे वर्षं गोव्याच्या कारभाराखाली राहिली. 1886 च्या पोप आणि पोर्तुगाल यांच्या करारानंतर ती दमण धर्मप्रांतात (दमणच्या बिशपच्या कारभाराखाली) आली, 1928 मध्ये तो मोडल्यावर मुंबई महाधर्मप्रांतात, आणि 1998 पासून वसई धर्मप्रांत स्वतंत्र आहे. म्हणजे 1910 ची आजी दमणची, तिची 1935 ची मुलगी मुंबईची, 2000 सालची पणती वसईची. घर तेच, ओटाही तोच! जुन्या कागदावर दमण दिसलं तर बिचकू नका.

माणूस मुंबईत राहिलेला असेल तर जास्त जपा. 1720 मध्ये इंग्रजांनी बेटावरच्या पोर्तुगीज फ्रान्सिस्कन संघाच्या फादरांना काढून कार्मेलाइट संघाच्या फादरांना आणलं. त्या भांडणातून पुढे पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाच्या हक्काखालचा) आणि प्रोपागांडा (थेट रोमच्या हाताखालचा) असे दोन कारभार शेजारी शेजारी चालले. घर पाद्रोआदोचं की प्रोपागांडाचं, हे कळल्याशिवाय चर्च ठरवू नका.

जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असतात. योआन्नेस म्हणजे आपला जॉन. तारखेत 7 लिहून पुढे 'ब्रो' असेल तर तो सप्टेंबर. जुलै समजलात तर चुकलात. आणि समास वाचा, कृपा करून वाचा. लग्न दुसऱ्या चर्चमध्ये झालं असलं तरी त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी समासात करायची रीत आहे. आजीच्या ओळीशेजारी बारीक अक्षरात, वेगळ्या शाईत, आजोबांचं नाव होतं. ते मला दुसऱ्या खेपेला, मूळ धर्मग्रामात दिसलं.

फोटो परवानगीशिवाय नको. अक्षर जसं आहे तसं उतरवा, स्पेलिंग सुधारू नका. दाखला हवा तर तिथेच अर्ज द्या. नोंद नाहीच मिळाली तर पुढची वही मागण्याआधी बाहेर या आणि मावशीला फोन लावून पुन्हा विचारा, मिस्सेला कुठे जायचे.