किलोग्रॅम की न्यूटन? वस्तुमान आणि वजन यांचा घोळ कसा सोडवावा

वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्यसंचय आणि वजन म्हणजे त्या वस्तूवरील गुरुत्वाकर्षणाचे बल, ही व्याख्या बहुतेकांची तोंडपाठ असते. तरीही काट्यावरचा आकडा समोर आला की त्यापुढे कोणते एकक लिहायचे, याबाबत त्यांपैकी निम्म्यांची गाडी अडते. मी इतकी वर्षे वह्या तपासल्या आहेत की हा दोष व्याख्येच्या पाठांतराचा नाही, याची मला खात्री पटली आहे. मराठीत ‘वजन’ हा एकच शब्द तीन कामे करतो. ‘माझे वजन साठ किलो’ असे म्हणताना आपण वस्तुमान सांगत असतो, भौतिकशास्त्राच्या तासाला तोच शब्द बलासाठी वापरतो, आणि तराजूच्या पारड्यात ठेवायच्या लोखंडी तुकड्यालाही वजनच म्हणतो, जो खरे तर वस्तुमानाचा नमुना असतो. त्यामुळे ‘व्याख्या पुन्हा पाठ करा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. त्याऐवजी पुढील क्रमाने जावे.

१. प्रश्न ओळखा

वस्तू तीच ठेवून ती चंद्रावर नेली, तर उत्तर बदलायला हवे का, असे स्वतःला विचारावे. बदलायला नको असेल (पोत्यात धान्य किती, गोळीत औषध किती) तर वस्तुमान हवे आहे. बदलायला हवे असेल (दोरीवर ताण किती, फळीवर भार किती) तर वजन.

२. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणा

१,००० मिलिग्रॅमचा एक ग्रॅम, १,००० ग्रॅमचा एक किलोग्रॅम, १०० किलोग्रॅमचा एक क्विंटल आणि १,००० किलोग्रॅमचा एक मेट्रिक टन होतो. आकडेमोड सुरू करण्यापूर्वीच हे रूपांतर उरकून घ्यावे, कारण न्यूटन हे एकक किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद यांच्यावर उभे आहे: एक किलोग्रॅम वस्तुमानाला दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद इतका वाढीव वेग देणारे बल म्हणजे एक न्यूटन.

३. हातातले उपकरण नेमके काय मोजते, ते तपासा

खरी मेख इथे आहे, आणि मी स्वतः इथेच अनेक महिने अडकलो होतो. शिकत असताना माझ्या हाती आलेल्या ताणकाट्यावर (वस्तू अडकवायच्या स्प्रिंगच्या काट्यावर) दोन मापपट्ट्या होत्या, डावीकडे ग्रॅमची आणि उजवीकडे न्यूटनची. पाचशे ग्रॅमचा ठोकळा अडकवून मी उजवीकडचा ४.९ हा आकडा वाचला आणि ‘वजन काढण्यासाठी ९.८ ने गुणावे’ या सूत्राला जागून त्याला पुन्हा ९.८ ने गुणले. उत्तर आले ४८ न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोच्या ठोकळ्याला जवळजवळ पाच किलोच्या ठोकळ्याचे वजन. शिक्षकांनी उत्तरावर लाल फुली मारली, कारण सांगितले नाही, आणि पुढच्या प्रयोगात मी तीच चूक इमानेइतबारे पुन्हा केली.

ती चूक कायमची सुटली ती उपकरणांची आतली रचना पाहिल्यावर. दोन पारड्यांचा तराजू तुलना करतो. दोन्ही पारड्यांवर गुरुत्वाकर्षण सारखेच असते, त्यामुळे त्याचा परिणाम दोन्हीकडून कटतो आणि हाती येते ते वस्तुमान. हा तराजू चंद्रावर नेला तरी तेच उत्तर देईल. ताणकाट्याची स्प्रिंग मात्र बलामुळे ताणली जाते, म्हणून तो वजन मोजतो. त्यावर ग्रॅमची पट्टी छापलेली असली, तरी ती पृथ्वीवरचे गुरुत्व गृहीत धरून केलेले रूपांतर असते.

सर्वांत फसवा असतो डिजिटल काटा. तो किलोग्रॅम दाखवतो म्हणून तो वस्तुमानच मोजतो, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. त्याच्या आत धातूची एक छोटी पट्टी असते, ती भाराने केसभर वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या पातळ तारजाळीचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून काटा बल ओळखतो. पडद्यावर उमटणारा आकडा त्या बलावरून काढलेला असतो. याची परीक्षा घ्यायची असेल तर असा काटा लिफ्टमध्ये ठेवून त्यावर उभे राहावे. लिफ्ट वर निघताना क्षणभर १ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण (वेग वाढण्याचा दर) मिळाले, तर ६० किलोग्रॅमच्या माणसाला काटा सुमारे ६६ दाखवतो. एवढ्या वेळात कोणी सहा किलो जाड होत नाही. जागा बदलूनही फरक पडतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही: गुरुत्व त्वरण, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूला मिळणारे त्वरण, विषुववृत्तावर सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, म्हणून विषुववृत्तावर अचूक जुळवलेला काटा दहा किलोग्रॅमची वस्तू ध्रुवावर सुमारे ५३ ग्रॅमने जड दाखवील. अचूक काटे वापराच्या जागीच प्रमाणित वस्तुमान ठेवून जुळवतात, ते याचमुळे.

म्हणून माझा नियम असा: आकड्याआधी पट्टीवरचे एकक वाचावे आणि ते वहीत लिहूनच आकडा लिहावा. पट्टी न्यूटनची असेल तर वजन हातात आले, गुणाकार करायचा नाही. पट्टी ग्रॅमची किंवा किलोग्रॅमची असेल आणि उपकरण स्थिर असेल, तर तो आकडा वस्तुमान समजावा आणि वजन हवे असेल तरच पुढची पायरी करावी.

४. गुणाकार एकदाच करा

वजन = वस्तुमान × गुरुत्व त्वरण. पृथ्वीसाठी ९.८ घ्यावे, १० फक्त तोंडी अंदाजापुरते ठीक आहे, वहीत नको. प्रमाण मूल्य ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग हे असून ते १९०१ साली वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण परिषदेने ठरवले, आणि वजन हे बलाच्याच जातीचे आहे हेही त्याच वेळी स्पष्ट केले. ‘किलोग्रॅम-बल’ हे एकक या प्रमाण मूल्यावरच आधारलेले, म्हणजे ९.८०६६५ न्यूटन, असते. जुन्या यंत्रांवर ते दिसले की न्यूटनमध्ये बदलून घ्यावे आणि पुन्हा वापरू नये.

चंद्राच्या उदाहरणातही लोक हमखास घसरतात. तिथे गुरुत्व त्वरण १.६२ असल्याने ६० किलोग्रॅमच्या माणसाचे वजन ९७ न्यूटन होते. पृथ्वीवर जुळवलेला स्प्रिंगचा काटा तिथे सुमारे १० किलो दाखवील, पण तो काट्याचा भ्रम आहे. वस्तुमान साठच राहते. हे पटत नसेल तर एक जड पिशवी लांब दोरीने टांगावी आणि तिला आडवा धक्का द्यावा. पिशवीचे सगळे वजन दोरीने पेललेले असते, तरीही ती हलायला कां-कूं करते आणि एकदा हलली की थांबवतानाही तितकाच जोर लावावा लागतो. हाताला जाणवतो तो विरोध वस्तुमानाचा, वजनाचा नव्हे.

५. उत्तर अंदाजाने पडताळा

पृथ्वीवर शंभर ग्रॅमच्या वस्तूचे वजन साधारण एक न्यूटन आणि एक किलोग्रॅमच्या वस्तूचे साधारण दहा न्यूटन भरते. उत्तर याच्या दहापट किंवा एक दशांश आले, तर गुणाकार दोनदा झाला आहे किंवा राहून गेला आहे. तिसऱ्या पायरीवर परत जावे.