ऐरोलीच्या हिरव्या पट्टीवर दिघा कसा आला? डी-थ्रीचे हलते आलेख करताना या चुका टाळा

बेलापूर, नेरूळ, तुर्भे, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा. नवी मुंबई महापालिकेच्या या ८ विभागांच्या पावसाचा धावता आलेख डी-थ्रीत, म्हणजे ब्राउझरमध्ये आलेख काढायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, करायला मी बसले होते. रोजची बेरीज वाढेल तशा आडव्या पट्ट्या एकमेकींना मागे टाकत वर चढायला हव्या होत्या. प्रत्यक्षात पट्ट्या नुसत्या लांबत होत्या, जागची एकही हलत नव्हती. नावं मात्र टपाटप बदलत होती. ऐरोलीला राहणारा सहकारी मागून म्हणाला, "अगं, हिरवी पट्टी आमची होती ना? आता तिच्यावर दिघा कसा?"

डी-थ्रीला दिघा कळत नाही, ऐरोलीही कळत नाही. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ती फक्त क्रमांक बघते: पहिली ओळ पहिल्या पट्टीला, दुसरी दुसरीला. ठाणे-वाशी लोकलची खिडकी आठवा. एक जण रबाळ्याला उतरला, दुसरा तिथे बसला, तरी डी-थ्रीच्या लेखी प्रवासी तोच. रोज क्रमवारी लावून डेटा दिला की पहिली पट्टी कायम पहिल्याच नंबरची राहते. रंग पट्टी जन्मली तेव्हाचा, नाव आजचं.

उपाय एका ओळीचा आहे. डेटा जोडताना दुसरं आर्ग्युमेंट म्हणून की फंक्शन (प्रत्येक ओळीची ओळख सांगणारं) द्या, म्हणजे ओळख क्रमांकावरून न होता विभागावरून होईल. पट्टीची उभी जागा अपडेटमध्येही (आधीपासून असलेल्या पट्ट्या) बदला, नुसती एंटरमध्ये (नव्याने येणाऱ्या पट्ट्या) नको. आणि हेच की फंक्शन नावांच्या टेक्स्टलाही द्या. मी ते विसरले होते, त्यामुळे पुढचा तासभर पट्ट्या धावत होत्या आणि नावं तिथल्या तिथे.

एवढं करूनही कोपरखैरणे मध्येच विरून परत उगवत होतं. फाइलमध्ये काही ओळींत ते 'कोपर खैरणे' असं तोडून लिहिलेलं निघालं. की वेगळी म्हटल्यावर जुनी पट्टी एक्झिट, म्हणजे बाद, नवी एंटर. तेव्हापासून मी नावाऐवजी विभागाचा कोडच की म्हणून वापरते.

पट्टी चौकटीबाहेर पळत असेल तर ॲनिमेशनला दोष देऊ नका, आधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली डेटाची फाइल) बघा. तिथून येणारा प्रत्येक आकडा मजकूर असतो, आणि मजकुरात '९८' हा '१०४' पेक्षा मोठा. कमाल ९८ निघते, स्केल (आकड्यावरून पट्टीची लांबी ठरवणारं माप) तिथेच थांबते आणि १०४ वाली पट्टी बाहेर जाते. आकडे आधी संख्येत बदला. मात्र रिकामा रकाना अधिकचं चिन्ह लावून बदललात तर शून्य होतो, आणि नोंदच नसणं म्हणजे पाऊस न पडणं नव्हे. डी-थ्रीचं ऑटोटाइप फंक्शन तिथे नल (काहीच नाही) देतं, म्हणून मला ते बरं वाटतं. तारखांचा घोळ याहून वाईट. आपण ०५/०७ म्हणजे ५ जुलै लिहितो, ब्राउझर ७ मे वाचतो. १३ तारखेपासून थेट 'इनव्हॅलिड डेट'. तारीख वाचणाऱ्या टाइमपार्सला दिवस-महिना-वर्ष हा क्रम स्पष्ट सांगा.

आलेख अडखळत चालला, की दोन कालावधी एकमेकांशी ताडून बघा. दर ५०० मिलिसेकंदांनी नवा दिवस आणि ट्रान्झिशन (पट्टीची जुन्या आकड्यावरून नव्यावर जाणारी हालचाल) ७५० चं, म्हणजे प्रत्येक हालचाल अर्ध्यात तुटणार, कारण त्याच घटकावरचं नवं ट्रान्झिशन जुन्याला थांबवतं. पट्टी खऱ्या आकड्यापर्यंत कधी पोचतच नाही. पुढचा दिवस ट्रान्झिशन संपल्यावरच सुरू करा, आणि ईझिंग (हालचालीच्या वेगातला चढउतार) लिनिअर, म्हणजे एकसारखं, ठेवा. मूळचं क्युबिक दर दिवशी सिग्नलला थांबल्यासारखं थांबतं.

टूलटिप (पट्टीवर कर्सर नेल्यावर उमटणारी माहितीची चौकट) थरथरत असेल तर ते कर्सरखाली येतंय. त्याचे पॉइंटर-इव्हेंट्स बंद करा. जुन्या ट्युटोरियलमधला डी-थ्री-इव्हेंट (माउसच्या घटनेची माहिती देणारा) २०२० च्या सहाव्या आवृत्तीत काढलाय, आता इव्हेंट फंक्शनला पहिलं आर्ग्युमेंट म्हणून मिळतो.

पुढे हाच पाऊस नकाशावर रंगवायला घेतला, तर पडदाभर नुसता काळा चौकोन. डी-थ्रीला बाहेरची सीमा घड्याळाच्या दिशेने लागते, नकाशाच्या सीमा लिहायच्या जिओजेसन या स्वरूपाचं २०१६ चं मानक नेमकं उलट सांगतं. बिंदूंचा क्रम उलटा असला की आतलं बाहेर होतं. मी रंगवलं होतं ते ऐरोली नव्हतं, ऐरोली सोडून उरलेली सगळी पृथ्वी होती.