चीनच्या इशाऱ्याचं वजन कसं जोखायचं

‘चीन आक्रमक झालाय का?’ असं विचारू नका. ‘पुढच्या ९० दिवसांत अमुक खोऱ्यात चिनी सैनिक आपली गस्त अडवतील का?’ असं विचारा. जागा आणि मुदत धरली नाही, तर मत खरं ठरलं की खोटं, हे कधी कळतच नाही.

मग बीजिंगचा मजकूर वाचा, शक्यतो मूळ चिनीत, आणि आधी बोलणारा कोण ते पाहा. परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याचं रोजचं उत्तर हलकं. चिनी कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र ‘पीपल्स डेली’ याच्यातला टोपणनावाचा लेख त्याहून जड, अग्रलेख आणखी जड, आणि सरकारचं अधिकृत निवेदन सर्वांत जड. ‘आधी बजावलं नव्हतं असं म्हणू नका’ या अर्थाचा एक ठरीव चिनी वाक्प्रयोग आहे. २२ सप्टेंबर १९६२ च्या अग्रलेखात तो भारतासाठी आला आणि २० ऑक्टोबरला हल्ला झाला. २५ डिसेंबर १९७८ ला तो व्हिएतनामसाठी आला. १७ फेब्रुवारी १९७९ ला चिनी फौजा सीमा ओलांडून आत गेल्या. मे २०१९ मध्ये मात्र तो अमेरिकेबरोबरच्या व्यापारतंट्यात दुर्मीळ खनिजांवरून आला, तोही टोपणनावाच्या लेखात. नुसते शब्द पकडणारे इथेच फसतात.

आता तक्ता आखा. उभ्या रकान्यांत निदान तीन शक्यता: हल्ला, दबाव, देशांतर्गत प्रेक्षकांसाठी आवाज. आडव्या ओळींत पुरावे. कोणता पुरावा कोणती शक्यता खोडतो, तेवढंच नोंदवा. प्रवक्त्याचा कडक सूर तिन्ही रकान्यांत बसतो, म्हणून तो निरुपयोगी. पुढे आणलेला दारूगोळा, फील्ड हॉस्पिटल, सराव संपूनही न परतलेल्या तुकड्या यांवर खरा वेळ घालवा.

सर्वांत महागात पडते ती चूक म्हणजे स्वतःचं गणित समोरच्याच्या डोक्यात घालणं. आपण चौक्या पुढे नेल्या तरी चीन मोठं बळ वापरणार नाही, हे दिल्लीने १९६२ मध्ये धरून चालल्याची किंमत जवानांनी मोजली. म्हणून एका सहकाऱ्याला फक्त चिनी कागदपत्रांच्या आधारे तुमच्याविरुद्ध बाजू मांडायला बसवा.

शेवटी शक्यता आकड्यात लिहा. १९५१ मध्ये सोव्हिएत गटाकडून युगोस्लाव्हियावर होऊ शकणाऱ्या हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असं अमेरिकी विश्लेषकांनी एकमताने लिहिलं. नंतर विचारलं तेव्हा कुणाच्या मनात २० टक्के होते, तर कुणाच्या ८०. आकड्याखाली तारीख टाका आणि दर पंधरवड्याला तो पुन्हा तपासा. बदललात, तर कोणत्या पुराव्यामुळे तेही शेजारी लिहा.