टाइम लूपची थरारक मालिका कोल्हापुरात रचायची तर

टाइम लूप म्हणजे पात्र एकाच वेळेच्या फेऱ्यात अडकतं आणि तेच पुन्हा पुन्हा जगतं. या प्रकाराचं बळ आणि दुखणं एकच आहे: तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवायचा असतो. जागा मोजक्या, माणसं मोजकी, त्यामुळे बजेट आटोक्यात राहतं. पण तिसऱ्या फेऱ्यालाच प्रेक्षक व्हिडिओ पुढे पळवायला लागतो.

सुरुवात दिवस निवडण्यापासून करा. 9 नोव्हेंबर घ्या, किरणोत्सवाचा पहिला दिवस. परंपरेनं मावळतीची किरणं पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांपर्यंत पोचतात आणि पुढच्या दोन दिवसांत वर चढत मुखापर्यंत जातात. लूपमध्ये अडकलेल्या नायिकेसाठी ती चरणांवरच थांबणार. मोबाइलवरची तारीख दाखवण्यापेक्षा ही खूण कितीतरी सरस. गाभाऱ्यात कॅमेरा न्यायचं कारणच नाही; महाद्वार रोडवरचा हारवाला रोज म्हणतो, “आज पायापतुरच आली बघा,” एवढं पुरे.

मग नियम कागदावर उतरवा: फेरा कुठून सुरू होतो, कशानं तुटतो, कुणाला आठवतं, काय शिल्लक राहतं. चारच ओळी, आणि शेवटच्या भागापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. शेवटी अचानक पाचवा नियम निघाला की आधीचा सगळा थरार फुकट जातो. लूप का झाला हे नाही सांगितलं तरी चालतं. सुटका कशानं होते हे मात्र चोख हवं.

कुणाला आठवतं, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. एकट्या नायिकेला आठवत असेल तर तिचे विचार ऐकवायला निवेदन लागतं, आणि ते लवकर कंटाळवाणं होतं. 2022 च्या ‘रिसेट’ या 15 भागांच्या चिनी मालिकेत बसस्फोटाच्या फेऱ्यात दोघं अडकतात, त्यामुळे सगळी आखणी संवादातून कळते. ही युक्ती उचलण्यासारखी आहे.

पहिला फेरा सविस्तर, साधारण 12 मिनिटं. दुसरा चार, तिसरा दीड. त्यानंतर फक्त बदललेलं तेवढंच दाखवा. ओळख पटवायला एक आवाज आणि एक वाक्य बास. समजा, आपली नायिका केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसमध्ये आहे आणि कंडक्टर म्हणतो, “सुट्टं द्या की ओ!” पहिल्यांदा तो खेकसल्यासारखा वाटतो. चौथ्या फेऱ्यात त्याच्या पाकिटातली दवाखान्याची चिठ्ठी दिसते आणि त्याच शब्दांत आपल्याला त्याची काळजी ऐकू येते. वाक्य तसंच ठेवायचं, बदलतो तो आपला कान. अशी दोन-तीन माणसं नसली की बसमधले बाकीचे नुसते बाहुले होतात.

सगळ्यात मोठी गळती मरणाची. मेलं तरी पुन्हा उठणार, मग भीती कसली? म्हणून प्रत्येक फेऱ्याची किंमत ठेवा: वेळ दरवेळी तीन मिनिटांनी कमी, किंवा एकेक आठवण गायब. सोपे मार्गही दुसऱ्या भागातच बंद करा. 112 ला फोन का नाही, बस सोडून बिंदू चौकात का उतरत नाही, हे प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांतच विचारतो.

चित्रीकरण फेऱ्यांच्या क्रमानं नको, जागेच्या क्रमानं करा. मावळतीचा उजेड फार टिकत नाही, म्हणून सगळ्या फेऱ्यांची महाद्वार रोडवरची दृश्यं लागोपाठच्या संध्याकाळी उरका. ढग आले तर त्या दिवशी बसच्या आतलं काम घ्या. कपड्यांचे, हारांच्या टोपल्यांचे फोटो रोज काढून ठेवायला एक माणूस वेगळा नेमा. टोपलीतला झेंडू कमी-जास्त झाला तर प्रेक्षक त्यालाच धागा समजून बसतो.